पिंजऱ्याखालचा फोन

प्रताप नगर, नागपूर
१८ ऑगस्ट २०२४

दीप्ती,
सप्रेम जय भीम.

अभिनंदन. हा शब्द आधीच लिहून टाकते. शेवटी लिहायला ठेवला तर राहून जाईल, आणि मग मावशी म्हणेल, भावनाने साधं अभिनंदनही केलं नाही.

शोधाची बातमी झालीच, वर तू मोबाईल सोडलास, त्याचीही झाली. 'मोबाईल न वापरणारी मोबाईल-संशोधक', आणि खाली बंगळुरूच्या कुठल्याशा टपालपेटीत पत्र टाकताना तुझा फोटो. आम्ही इकडे मोबाईल वापरतो, दर महिन्याला रिचार्ज मारतो, आमचा फोटो कोणी काढत नाही. आता तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर पोस्टात जाऊन रांगेत उभं राहायचं. तू एखादी गोष्ट केलीस की ती आम्हालाही करावी लागते, हे लहानपणापासून चालूच आहे.

मागच्या रविवारी आपल्या विहारात तुझा सत्कार झाला. तू नव्हतीस, म्हणून शाल मावशीने घेतली. परिचय करून द्यायचं काम केशवकाकांनी माझ्यावर टाकलं. 'तूच तिच्या लायनीतली हायेस, तुलेच बोलाव लागन,' म्हणाले. मग मी बोलले. सोप्या भाषेत सांगितलं की दीप्तीने काही उंदरांच्या पिंजऱ्याखाली चालू मोबाईल ठेवला आणि त्यावर रोज मिस्ड कॉल दिले. काहींच्या पिंजऱ्याखाली बंद मोबाईल ठेवला. मग सगळ्यांना पाण्याच्या टाक्यात सोडलं. पाण्याखाली एक पायरी लपवलेली असते आणि ती कुठे आहे हे उंदीर थोड्या दिवसांत शिकतात. बंद मोबाईलवाले सरळ पायरीकडे पोहत गेले. चालू मोबाईलवाले गोल गोल फिरत राहिले, पायरी विसरले. म्हणजे मोबाईलच्या लहरींनी मेंदूची स्मरणशक्ती बिघडते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलत मी होते आणि टाळ्या तुझ्या आईकडे बघून वाजत होत्या.

घरी येताना मावशी म्हणाली, 'तू बी तं तेच शिकली ना वं भावना? उंदीर तं तुह्या कॉलेजातबी हायेत. मंग तुहं नाव काहून नाही येत पेपरात?' तिने सहज विचारलं. मी म्हटलं, माझे उंदीर वाट विसरत नाहीत ना. ती हसली. मी काही हसले नाही.

आणखी एक. मावशीने तिचा मोबाईल पिठाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवायला सुरुवात केली आहे. 'माह्या लेकीनं शोध लावला, अन् मीच नाही पाळला तं लोक काय म्हनतीन?' फोन केला की तो डब्यात वाजतो आणि तिला ऐकू येत नाही.

प्रेमानंदने तुझं कात्रण फ्रिजवर लावलं आहे. बुटीबोरीला त्याच्या मिलमध्ये सगळ्यांना सांगून आला, 'माही साळी सायंटिस्ट हाय.' बायको काय आहे हे तिथे कोणाला माहीत आहे की नाही, ते मी विचारलं नाही.

तुझी,
भावना


बंगळुरू
३ सप्टेंबर २०२४

प्रिय भावने,

तुझं अभिनंदन पहिल्या ओळीत आलं आणि पुढे पूर्ण पत्रात परत दिसलं नाही. मी शोधलं.

परिचय तू करून दिलास, बरं झालं. दुसऱ्या कोणी दिला असता तर मी उंदरांना मोबाईल वापरायला शिकवलं असं सांगितलं असतं. मोबाईल मी भीतीने सोडलेला नाही गं. लोकांना एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं, ते बरं दिसेना. ई-मेल पाहते, पण ती फक्त कामाची. तुला मी कामात धरत नाही. शिवाय तुझं अक्षर बघायला मिळतं, रागावलीस की 'र' किती लांब जातो ते सुद्धा.

आईला सांग, फोन डब्यात ठेवू नको. उशाशी घेऊन झोपू नको, इतकंच माझं म्हणणं आहे.

तुला इथली गंमत सांगते. प्रयोगशाळेत आमच्या पिंजऱ्यांना सगळे 'बँडपार्टी' म्हणतात. मिस्ड कॉल आला की खालचा फोन थरथरतो, पिंजऱ्याचा तळ हलतो आणि पाण्याच्या बाटलीची नळी जाळीवर टिणटिण वाजायला लागते. दुपारी आम्ही डबे उघडून बसलो की यांचा बँड सुरू. पाहुणे आले की आधी तेच बघायला थांबतात.

आता मुख्य बातमी. जानेवारीत आमची परिषद नागपूरला आहे आणि मुख्य व्याख्यान मला दिलं आहे. एवढ्या शहरांतून नागपूर. तू पुढच्या रांगेत बसायचंस. मी घाबरले की तुझ्याकडे बघून बोलेन.

तुझी,
दीप्ती


प्रताप नगर, नागपूर
२२ सप्टेंबर २०२४

दीप्ती,

तुझ्या परिषदेची बातमी तुझ्या पत्राआधीच आमच्या कॉलेजात पोचली होती. आमच्या विभागप्रमुख चारुशीला मॅडम आयोजनात आहेत. त्यांनी मला बोलावलं तेव्हा वाटलं, एखादं सत्र सांभाळायला देतील. निवास आणि भोजन समिती दिली. 'तू इथलीच आहेस, तुला सगळं माहीत असतं,' म्हणाल्या. त्यामुळे तू व्याख्यान देशील तेव्हा मी पुढच्या रांगेत नसेन. मागे भाजी कमी पडते का ते बघत असेन.

मावशीला तुझा निरोप दिला. ती म्हणाली, 'पेपरात आलं ते खरं का तू म्हनतेस ते?' फोन डब्यातच आहे.

आमच्या घरची गंमत पण ऐक. प्रेमानंदच्या मिलमधल्या पाळ्या बदलल्या की त्यांच्या ग्रुपवर पहाटेपासून मेसेज येतात. त्याचा फोन टीपॉयवर असतो, थरथरत थरथरत काठापर्यंत जातो. तो घोरत असतो आणि जागी मी होते. परवा अशीच झोपमोड झाली, तर दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वरणात दोनदा मीठ टाकलं, कॉलेजच्या कपाटाची किल्ली घरी विसरले. प्रेमानंद म्हणाला, 'पाहा, दीप्ती सांगून राहिली ते खरं हाय. लहरी घुसल्या तुह्या डोक्यात.' मी म्हटलं, लहरी कुठल्या, तुझ्या फोनने माझी झोप खाल्ली. आणि म्हणता म्हणता हातातला डाव तसाच राहिला.

असो. तुझा प्रयोग मला इथे करून पाहावासा वाटतो. म्हणून थोडं विचारते. चालू फोन सगळे व्हायब्रेशनवरच होते का? बंद फोनवाल्या पिंजऱ्यांना काहीच थरथर नव्हती का? आणि कॉल दिवसा द्यायचीस की रात्री?

भावना


बंगळुरू
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय भावना,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. चालू फोन सगळे व्हायब्रेशनवर होते, कारण रिंग वाजली असती तर शेजारच्या खोलीतले लोक भांडायला आले असते. बंद फोन म्हणजे पूर्ण बंद, त्यांना थरथर कुठली. कॉल दिवसा, कारण माणसं दिवसाच कामाला असतात. हो, उंदीर दिवसा झोपतात हे मला माहीत आहे.

तू हे पुन्हा करणार म्हणतेस याचा मला फार आनंद झाला आहे. दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी तेच उत्तर आलं तर माझं काम पक्कं होईल. आणि नाही आलं तरी ते तुझ्याकडून कळलेलं मला चालेल. काय येईल ते मला सगळ्यांत आधी सांग. परिषदेच्या आधी सांग.

भोजन समितीचं वाचून वाईट वाटलं. चारुशीला मॅडमना मी लिहू का? तुला आवडणार नाही, म्हणून विचारते आहे.

काल ट्रंकेत तो निळा फ्रॉक सापडला. एकाच ताग्यातून कापड घेऊन आपल्या दोघींना शिवले होते, आठवतं? तुझा तू एकदाच घातलास. का ते मला कधी कळलं नाही.

तुझी,
दीप्ती


प्रताप नगर, नागपूर
२ डिसेंबर २०२४

दीप्ती,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून यात खरं लिहिते.

फ्रॉक मी परत घातला नाही, कारण तो घालून आपण दोघी बाहेर पडलो तेव्हा सगळे तुझ्याकडे बघून म्हणाले, किती छान. कापड तेच, शिंपी तोच. तेव्हापासून बघते आहे. एकाच वर्गात बसलो, एकच विषय घेतला. तू बंगळुरूला गेलीस, मी इथल्या फार्मसी कॉलेजात गोळ्या कशा विरघळतात ते शिकवते. मला तुझा हेवा वाटतो. तू वाईट असतीस तर सोपं होतं. तू मॅडमना पत्र लिहू का विचारतेस, म्हणून आणखी वाटतो.

आता ऐक. तुझा शोध चुकला आहे.

रीतसर परवानगी घेतली, कॉलेजच्या प्राणी-प्रयोग समितीपुढे दोनदा उभी राहिले. खोटं काम करून तुला हरवण्यात मजा नाही. काही पिंजऱ्यांखाली मी फोन चालू ठेवले, कॉल दिले, पण व्हायब्रेशन बंद. लहरी होत्या, थरथर नव्हती. काहींखाली फोन विमान मोडवर ठेवले आणि अलार्म लावून नुसते थरथरवले. थरथर होती, लहरी नव्हत्या. पहिले उंदीर सरळ पायरीकडे गेले. दुसरे गोल गोल फिरत राहिले. तुझे उंदीर लहरींनी बिघडलेच नव्हते. तू त्यांना भर झोपेत रोज उठवत होतीस. तुझी ती बँडपार्टी, दीप्ती. सगळ्यांनी थांबून बघितली, हसले, आणि कोणालाही दिसलं नाही. मला दिसलं. दोनदा मीठ पडलेल्या वरणाने दाखवलं.

लहरींनी मेंदूला काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, तेवढं माझ्या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण तुझ्या प्रयोगावरून होतं असंही म्हणता येत नाही.

तू म्हणालीस, सगळ्यांत आधी मला सांग. नाही सांगणार. परिषदेत तुझं व्याख्यान संपेल, प्रश्न विचारा म्हणतील, तेव्हा भोजन समितीचा बिल्ला लावलेली बाई मागून उठेल. त्या सभागृहात एकदा तरी लोकांनी मान वळवून माझ्याकडे बघावं. एवढंच हवंय मला. पुढचं तुझं काय होईल याचा विचार मी करत नाही. करायला लागले तर हे होणार नाही.


प्रताप नगर, नागपूर
४ डिसेंबर २०२४

प्रिय दीप्ती,

पत्राला उशीर झाला. परिषदेच्या कामात मान वर करायला वेळ नाही. धरमपेठेतल्या दोन हॉटेलांत खोल्या घेतल्या आहेत. तू मावशीकडे उतरणार हे गृहीत धरून तुझी खोली धरली नाही. प्रत्येकाच्या पिशवीत संत्रा बर्फीचा डबा द्यायचा ठरलं आहे. बर्फी ताजी मिळावी म्हणून मीच जाऊन ऑर्डर देऊन आले. आदल्या दिवशी सायंकाळी येईल. बाहेरच्या लोकांना साखर जास्त वाटेल का, यावर समितीत बराच वाद झाला.

थंडी चांगलीच पडली आहे, स्वेटर आण.

उंदरांचं काम सुरू आहे. सांगण्यासारखं काही नाही.

भावना


बंगळुरू
२८ डिसेंबर २०२४

प्रिय भावना,

परत पोचले. रजा दोनच दिवसांची मिळाली, नाहीतर आईचं प्लास्टर निघेपर्यंत थांबले असते.

तू होतीस म्हणून बरं झालं. तू आमच्या ऑफिसात फोन करून मला गाठलंस, तिला दवाखान्यात नेलंस, माझ्या आधी दोन रात्री तिच्याजवळ राहिलीस. आई सारखी तेच सांगत होती. मोरीत पाय घसरला, मनगट मोडलं, उठता येईना, आणि फोन स्वयंपाकघरात डब्यात बंद. बादलीवर पाण्याचा मग आपटत राहिली. शेजारची वैभवी कपडे वाळत घालायला आली नसती तर संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली असती. आणि डब्यात का, तर लेकीने शोध लावला म्हणून. हे ती दवाखान्यातही अभिमानाने सांगत होती. नर्सला म्हणाली, 'माही पोरगी सायंटिस्ट हाय, तिनंच सांगतलं.' मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वैभवी म्हणाली, दार उघडलं तेव्हा आईने पहिलं वाक्य म्हटलं ते, 'माह्या भावनाले बोलाव.' मी ऐकलं आणि खरं सांगते, आत काहीतरी टोचलं. आई पडली आहे, हात मोडला आहे, आणि मी विचार करते आहे की माझं नाव का नाही घेतलं. असं झालं की माणसाने काय करायचं असतं गं? तुला सवय आहे.

स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत तू खिडकीशी उभी होतीस. आपण उशीर झालेल्या गाडीबद्दल बोललो, प्लास्टरबद्दल बोललो. मी थांबले होते. तुला मला काही सांगायचं आहे का, भावना? अजून वेळ आहे.

दीप्ती


प्रताप नगर, नागपूर
१३ जानेवारी २०२५

दीप्ती,

जय भीम. यापुढचं सगळं भांडण आहे.

तू हे का केलंस? मी मागच्या दाराशी उभी होते. हातात आलेख छापलेला कागद होता. सकाळपासून त्याची घडी घालून मोडून तो मऊ पडला होता. तू पहिलं चित्र दाखवलंस, दुसरं दाखवलंस आणि म्हणालीस, 'हे मी सहा महिने सांगत आले आणि हे चूक आहे.' मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी झालं. मग तू थरथर, झोप, विमान मोड, सगळं सांगितलंस. माझा प्रयोग. माझं वाक्य. फोन थरथरत टीपॉयच्या काठाशी जातो, हे सुद्धा माझं.

आणि मग म्हणालीस, 'ही चूक मला माझ्या बहिणीमुळे दिसली. ती याच सभागृहात आहे, तिने उभं राहावं.' मी तर उभीच होते. लोकांनी मान वळवली. मला हवं होतं तसंच. त्यांनी बघितलं की दाराशी एक बाई बर्फीच्या खोक्यांना टेकून उभी आहे आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी. तीन लोक तुझ्या पाया पडायचे बाकी होते. चारुशीला मॅडमचे डोळे ओले झाले होते. माझे विद्यार्थी चुकले तर मी मार्क कापते, आणि तू चुकलीस तर सभागृह उभं राहतं.

पेपरात आलं आहे, 'स्वतःची चूक स्वतः सांगणारी संशोधक.' फोटो तुझाच. प्रेमानंदने फ्रिजवरचं जुनं कात्रण काढून नवीन लावलं. तळाशी एक ओळ आहे, 'त्यांच्या एका नातेवाईकानेही मदत केल्याचे समजते.' ती नातेवाईक मी.

तू बरोबर असतानाही मला हेवा वाटायचा. आता तुझ्या चुकीचाही वाटतो. तेवढी एकच गोष्ट माझी होती, आणि ती सुद्धा तू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस.

तुला कधी कळलं, एवढं सांग.

भावना


बंगळुरू
२१ जानेवारी २०२५

भावने,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं लिहून पत्र पेटीत टाकलं, त्याच दिवशी. दिवसा की रात्री, असं तू विचारलंस आणि मी 'उंदीर दिवसा झोपतात हे मला माहीत आहे' असं ऐटीत लिहिलं. पेटीपासून परत येताना ते वाक्य माझ्याच अंगावर आलं. प्रयोगशाळेत गेले, पिंजऱ्याखालचा फोन काढून हातात धरला आणि दुसऱ्या फोनवरून त्याला मिस्ड कॉल दिला. हात कोपरापर्यंत थरथरला. उंदराचं सगळं अंग तरी तेवढं असतं का? मग नोव्हेंबरभर मी इथे तेच केलं जे तू तिथे करत होतीस. उत्तर तेच आलं.

तुला लगेच लिहू शकत होते. नाही लिहिलं. मला बघायचं होतं, तू सांगतेस की नाही. रोज टपालाची वाट बघायचे. मग तुझं पत्र आलं, त्यात बर्फी होती आणि उंदरांबद्दल 'सांगण्यासारखं काही नाही'. तेव्हा कळलं, तू सभागृहात सांगणार आहेस. मला राग आला. मग मी ठरवलं की तुझ्याआधी मीच सांगेन. त्यात खरेपणा होता आणि राग पण होता. टाळ्या वाजवणाऱ्यांना राग दिसला नाही. तुझ्या नावाने तुला उभं केलं, तेव्हा मला माहीत होतं की तुला बोलता येणार नाही. ते मी चांगलं केलं नाही.

पण सगळ्यांत वाईट ते नाही. तुला उत्तर डिसेंबरच्या सुरुवातीला माहीत होतं आणि मला त्याआधी. आई पडली ती त्यानंतर. तू तिच्यापासून दोनशे पावलांवर राहतेस, मी एक ओळ लिहिली असती तर पोचली असती. आपण दोघी एकमेकींची परीक्षा घेत बसलो आणि फोन डब्यात राहिला. पेपरात आलं तेवढंच तिला माहीत आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुझ्याशिवाय सांगायचं नाही.

मूळ लेख मी मागे घेते आहे, तसं संपादकांना कळवलं. नवीन लिहायला हवा. तुझे आकडे, माझे आकडे, दोन गावं. आपण मिळून लिहू.

आणि मोबाईल घेतला. नंबर खाली लिहिला आहे. मला फोन कर.

दीप्ती


प्रताप नगर, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

दीप्ती,

तुझा नंबर माझ्या फोनमध्ये तुझ्या नावाने टाकला. रोज नाव उघडते आणि बंद करते. आज फोन करणार नाही. पत्रात मी सरळ दिसते, कारण कागद फाडून परत लिहिता येतो. फोनवर तू माझा आवाज ऐकशील आणि तुला कळेल की हेवा अजून गेलेला नाही.

मावशीला मी काल सांगितलं. तुझी वाट बघितली नाही, याबाबतीत तरी तुझ्या पुढे जाऊ दे. तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तुझी चूक, माझं गप्प राहणं, फोन डब्यात का राहिला ते. तिने पूर्ण ऐकलं. मग प्लास्टरच्या हाताने माझा गुडघा दाबला आणि म्हणाली, 'दोघीबी शिकल्या अन् दोघीबी येड्याच राहिल्या वं.' मी रडले. तिने मला रडू दिलं आणि मग चहा मलाच करायला लावला. फोन आता तिच्या कमरेला बटव्यात असतो. डब्यात परत पीठ भरलं.

नवीन लेखाचं. मिळून लिहू. माझे आकडे या पत्रासोबत आहेत. काही गोष्टी मी आधीच ठरवल्या आहेत. तुझी बँडपार्टी त्यात तुझ्याच शब्दांत यायला पाहिजे, लोकांना कळू दे की चूक हसत हसत होते. आणि लहरींबद्दल आपल्याला माहीत नाही, हे शेवटी स्पष्ट लिहायचं. तुला ते गोड करून लिहायची सवय आहे, मी ते करू देणार नाही.

पहिलं नाव माझं राहील. तुझं दुसरं. यावर चर्चा नाही.

तू लगेच 'हो' म्हणशील, मला माहीत आहे. तेच तर मला सहन होत नाही.

तुझी,
भावना